बोल्ट मागताना नक्की काय मागायचं? : वाचकांचे प्रश्न

पाऊस सरला की लोक गाड्या खोलायला घेतात आणि मग बोल्टचे प्रश्न येतात, यावेळी तर बाकी सगळे प्रश्न बाजूला ठेवावे लागले इतके आलेत. बरेच एकसारखे होते म्हणून त्यातले वेगवेगळे निवडलेत.

प्रश्न (सोलापूर) : दादा, माझ्या १५० सीसी गाडीच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटचा एक बोल्ट रस्त्यात कुठेतरी पडला. गॅरेजवाले म्हणाले १४ नंबरचा बोल्ट घेऊन या. हार्डवेअरच्या दुकानात १४ चा मागितला तर त्यांनी अंगठ्याएवढा जाड बोल्ट पुढे केला. मग दुसऱ्या बाजूचा बोल्ट काढून नेऊन दाखवला, तर १० एमएमचा दिला. तो हाताने दोन-तीन आटे जातो आणि अडकतो. मेकॅनिक म्हणतो पान्याने ओढला की बसेल. ओढू का?

उत्तर : अजिबात ओढू नका. तुमच्या हातात आहे तो बोल्ट त्या भोकाचा नाहीच, जाडी तीच आहे पण आटे वेगळे आहेत. १० एमएमच्या बोल्टमध्ये हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो १.५ पिचचा, म्हणजे एका आट्यापासून पुढचा आटा दीड मिलिमीटरवर. आपल्याकडच्या जपानी पद्धतीच्या गाड्यांत १० चा बोल्ट बहुतेक ठिकाणी १.२५ पिचचा असतो. दर आट्याला पाव मिलिमीटरचा फरक, पहिले दोन आटे ढिलाईत निभावून जातात आणि तिसऱ्याला दोन्हीकडचे आटे एकमेकांवर चढायला लागतात, तिथेच तुमचा बोल्ट अडकतोय. पान्याने ओढला तर आत जाईल हो, पण फ्रेमला वेल्ड केलेल्या नटाचे आटे खाऊन जाईल, आणि मग दहा-वीस रुपयांच्या बोल्टसाठी तो नट कापून नवीन वेल्ड करा, रंग जळेल तो परत मारा, हे सगळं आलं. शिवाय फूटरेस्ट आहे, खड्ड्यात आपण सगळं वजन त्याच्यावर टाकून उभे राहतो, तिथे अर्धवट आट्यांवर बसलेला बोल्ट नकोच.

आता १४ नंबरचा घोळ. गॅरेजमध्ये बोल्टला पान्याच्या नंबरने ओळखतात, १४ चा पाना लागतो म्हणून तो १४ चा बोल्ट. हार्डवेअरवाला जाडीने ओळखतो, त्याच्यासाठी १४ म्हणजे १४ एमएम जाडीचा. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि मधल्या मध्ये गिऱ्हाईक चकरा मारतं. म्हणून दुकानात कधीच पान्याचा नंबर सांगू नका. साधारण हिशोब असा आहे की ६ एमएमच्या बोल्टचं डोकं ८ किंवा १० च्या पान्याचं, ८ एमएमचं गाडीवर १२ चं आणि हार्डवेअरच्या बोल्टवर १३ चं, १० एमएमचं गाडीवर १४ चं आणि हार्डवेअरवर १७ चं (काही नवीन मालात १६). म्हणजे दुकानातून आणलेल्या १० च्या बोल्टला १७ चा पाना लागत असेल तर तिथेच शंका घ्यायची, हा गाडीचा माल नाही, पिचही वेगळा असणार.

पिच मोजायला गेज नसेल तरी चालतं. जुन्या बोल्टवर पट्टी धरा आणि एका आट्याच्या टोकापासून पुढे दहा आटे मोजा. साडेबारा मिलिमीटर भरले तर १.२५, पंधरा भरले तर १.५, बरोबर दहा भरले तर १. याहून सोपं म्हणजे दुकानातच जुना आणि नवा बोल्ट आडवे धरून एकमेकांच्या आट्यांत बसवा आणि उजेडाकडे करून बघा. आटे एकमेकांत घट्ट बसले आणि मधून उजेड आला नाही तर पिच तोच, फट दिसली तर परत द्या. जाडी व्हर्निअरने (बारीक मापं घ्यायच्या सरकत्या पट्टीने) मोजली तर १० च्या बोल्टला ९.८ च्या आसपास येईल, ८ च्या बोल्टला ७.८ वगैरे, त्याने गोंधळू नका, आट्यांची टोकं जरा छाटलेलीच असतात.

लांबी मोजताना डोकं धरायचं नाही, डोक्याच्या खालच्या बाजूपासून टोकापर्यंत. फक्त काउंटरसंक बोल्टची, म्हणजे ज्याचं डोकं भोकात पूर्ण बुडतं त्याची, लांबी डोक्यासकट धरतात. आणि डोक्याखालचा भाग नीट बघा, जुन्याला कॉलर असेल (फ्लँज बोल्ट म्हणतात तो), आटे सुरू व्हायच्या आधी गुळगुळीत दांडी असेल, तर नव्यालाही तसंच पाहिजे. साइड स्टँडचा बोल्ट हे त्याचं नेहमीचं उदाहरण, त्याची गुळगुळीत दांडी म्हणजे स्टँड ज्याच्यावर फिरतो तो आस असतो, तिथे टोकापर्यंत आटे असलेला बोल्ट टाकला तर आटेच स्टँडचं भोक खात बसतात आणि काही महिन्यांत स्टँड लोंबकळायला लागतो.

सगळ्यात सरळ रस्ता विचाराल तर शोरूमच्या स्पेअर काउंटरवर किंवा पुण्यात असाल तर नाना पेठेत जाऊन गाडीचं मॉडेल आणि साल सांगायचं आणि पार्ट कॅटलॉगमधून नंबर काढून घ्यायचा. होंडाच्या नंबरमध्ये माप लपलेलं असतं, आणि हिरो होंडा १९८४ पासून २०१० पर्यंत एकत्र होते त्यामुळे हिरोच्या गाड्यांतही बऱ्याच ठिकाणी तीच पद्धत चालते. समजा नंबर ९५७०१-०६०२० असा सुरू होतोय, तर ०६ म्हणजे ६ एमएम जाडी आणि ०२० म्हणजे २० एमएम लांबी. ९५७०१ किंवा ९६००१ ने सुरू होणारे हे नेहमीचे फ्लँज बोल्ट, ते त्याच मापाचे आणि चांगल्या प्रतीचे बाहेरचे घेतले तरी चालतात. पण नंबर ९० ने सुरू होत असेल तर समजायचं की तो बोल्ट त्या जागेसाठी खास बनवलेला आहे, तिथे तोच घ्या, बाहेर शोधत बसू नका.

आणि आणल्यावर एकच कसोटी : दोन्हीकडचे आटे वायर ब्रशने आणि थोड्या डिझेलने साफ करा आणि बोल्ट नुसत्या बोटांनी फिरवा. शेवटपर्यंत बोटांनी गेला पाहिजे, पाना फक्त शेवटच्या आवळण्यासाठी. अडकला तर आधी भोकात रंग किंवा गंज आहे का बघा, असेल तर त्याच पिचचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) हलक्या हाताने फिरवून घ्या. तरी अडकत असेल तर बोल्ट चुकीचा. नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला) आणि आट्यांवर निळा-लाल लेप लावून आलेले बोल्ट हे याला अपवाद, ते मुद्दामच जड फिरतात.

प्रश्न (कल्याण) : मी गाडीचे सगळे बोल्ट १२.९ ग्रेडचे काळे अ‍ॅलन बोल्ट टाकायचं ठरवलंय. मित्र म्हणतो ब्रेकलाही तेच टाक, सगळ्यात मजबूत असतात. बरोबर आहे का?

उत्तर : डोक्यावरच्या आकड्यांचा अर्थ आधी सांगतो म्हणजे पुढचं तुमचं तुम्हालाच कळेल. ८.८ मध्ये पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनपर्यंत ताण सोसेल आणि मग तुटेल, दुसरा ८ म्हणजे त्याच्या ८० टक्क्यांना, म्हणजे ६४० ला, तो कायमचा ताणला जायला लागेल. १०.९ मध्ये हेच १००० आणि ९००, १२.९ मध्ये १२०० आणि १०८०. म्हणजे १२.९ मजबूत आहे यात वादच नाही. पण तुम्ही तो घालताय कशात? इंजिनचं कव्हर अ‍ॅल्युमिनियमचं, त्यातले आटेही अ‍ॅल्युमिनियमचे, तिथे जे जातं ते भोकाचे आटे जातात, बोल्ट नाही. मजबूत बोल्ट टाकला म्हणून माणूस जास्त आवळतो आणि ६ च्या बोल्टला १० ते १२ न्यूटन मीटरच्या (आवळण्याच्या जोराचं माप) पुढे गेलात की भोकाचे आटे बोल्टसोबत गुंडाळून बाहेर. तिथे ८.८ भरपूर होतो.

शिवाय तो काळा रंग म्हणजे नुसता पातळ थर असतो, कल्याणच्या पावसात एक मोसम झाला की तांबूस होतो. काही जण मग त्यावर चकचकीत प्लेटिंग करून घेतात, हे तर अजिबात करू नका. इतक्या कडक पोलादावर साधं इलेक्ट्रोप्लेटिंग केलं की हायड्रोजन आत शिरतो आणि बोल्ट ठिसूळ होतो, मग आवळून ठेवलेला बोल्ट काही दिवसांनी कुणी हात न लावता डोक्याजवळ तुटतो.

ब्रेकचं वेगळं सांगतो आणि हे मनापासून सांगतोय. कॅलिपरचे (डिस्कला पॅड दाबणारा ब्रेकचा भाग) बोल्ट, डिस्कचे बोल्ट, ब्रेकच्या होसचा पोकळ बांजो बोल्ट, अ‍ॅक्सल, हँडलच्या क्लॅम्पचे बोल्ट, या जागांवर कंपनीच्या पार्ट नंबरचाच माल. ग्रेड, लांबी, दांडी, कोटिंग सगळं तिथे हिशोबाने ठरवलेलं असतं. डिस्कच्या बोल्टवर आधीपासून लॉकिंगचा लेप असतो, तो एकदा काढला की बोल्ट नवीन घ्या किंवा मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तर आटे साफ करून नवीन थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा डिंक) लावा. बांजो बोल्टमध्ये परत पिचची भानगड आहे, जपानी पद्धतीच्या ब्रेकवर बहुतेक १० गुणिले १.२५ असतो आणि ब्रेम्बो या इटालियन कंपनीच्या पद्धतीच्या ब्रेकवर बहुतेक १० गुणिले १, दिसायला जुळे भाऊ. कॅलिपर बदललात तर बोल्ट त्या कॅलिपरचा घ्या आणि दोन्ही बाजूंचे मऊ वॉशर दर वेळी नवे टाका, जुने एकदा दबलेले असतात, ते ऑइल झिरपू देतात.

प्रश्न (रत्नागिरी) : आमच्याकडे खाऱ्या हवेने दोन वर्षांत बोल्ट सडतात. सगळे स्टेनलेसचे टाकले तर?

उत्तर : टाका, पण सगळे नको. नंबरप्लेट, साइड पॅनल, मडगार्ड, फेअरिंग, मीटरची काच, इथे बिनधास्त टाका. दुकानात मिळणाऱ्या स्टेनलेसवर ए२-७० लिहिलेलं असतं, त्यातला ७० म्हणजे ७०० न्यूटनला तुटणार, पण कायमचा ताणला जायला सुरुवात ४५० लाच होते, ८.८ च्या ६४० पुढे ते बरंच कमी आहे. म्हणून इंजिन माउंटिंग, सस्पेन्शन, फूटरेस्ट आणि ब्रेक इथे नको.

इंजिन कव्हरला लावायचे असतील तर एक गोष्ट लक्षात घ्या की स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि वर खारं पाणी आलं की अ‍ॅल्युमिनियम सडायला लागतं, आतून पांढरी भुकटी होते आणि पुढच्या वेळी बोल्ट निघताना भोकातले आटे घेऊनच निघतो. कोकणात हे फार लवकर होतं. त्यामुळे आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी पेस्ट) लावून मगच बसवा, आणि वंगण लावल्यावर बोल्ट कमी जोरात जास्त ओढला जातो म्हणून नेहमीपेक्षा जरा हलक्या हाताने आवळा. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट असेल तर कोरडा आणि घाईने फिरवू नका, दोन्ही एकमेकांना असे धरतात की शेवटी करवतीनेच कापावा लागतो.

मला विचाराल तर कंपनीचे पिवळट-पांढरे झिंकचे बोल्ट, आट्यांना थोडं ग्रीस, डोक्यावर पावसाळ्याआधी ऑइलचा बोळा, आणि गाडी समुद्राजवळून आली की गोड्या पाण्याने धुणं, एवढ्यावर कोकणातल्या गाड्या छान राहतात.

प्रश्न (कोल्हापूर) : क्लच प्लेट बदलताना कव्हरचे सगळे बोल्ट एका डब्यात टाकले. आता काही लांब काही आखूड आहेत, कुठला कुठे?

उत्तर : घाईने बसवू नका. सगळे बोल्ट आपापल्या वाटणाऱ्या भोकात नुसते टाकून ठेवा, आवळायचे नाहीत, आणि मग बघा किती किती बाहेर राहतायत. सगळ्यांची डोकी कव्हरपासून सारख्या उंचीवर पाहिजेत, साधारण १० ते १२ मिलिमीटर. एखादा दुप्पट बाहेर असेल तर तो लांब बोल्ट आखूड जागी आलाय, एखादा जेमतेम चारच मिलिमीटर वर असेल तर आखूड बोल्ट लांब जागी गेलाय. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्टच्या जाडीच्या दीडपट ते दुप्पट आटे पकडीत पाहिजेत, ६ च्या बोल्टला म्हणजे ९ ते १२ मिलिमीटर, त्यावरूनच ही उंची आली. डोवेल पिन (कव्हर नेमक्या जागी बसवणारी खुंटी) कुठे आहे तेही बघा, तिथले बोल्ट पुष्कळदा वेगळ्या लांबीचे असतात.

लांब बोल्ट आखूड भोकात आवळला तर काय होतं हे जरा गंभीरपणे घ्या. भोक पलीकडून बंद असेल तर बोल्ट तळाला टेकतो, हाताला वाटतं घट्ट झाला, पण कव्हर दाबलंच गेलेलं नसतं आणि ऑइल गळत राहतं. अजून जोर लावला तर केसिंगला तडा. आणि त्या बंद भोकात ऑइल साचलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, जाणार कुठे, केसिंग फोडूनच बाहेर येतं. म्हणून आधी भोकं कापडाच्या वातीने किंवा हवेने कोरडी करून घ्या. पुढच्या वेळी पुठ्ठ्यावर कव्हरची आकृती काढा आणि जो बोल्ट जिथून निघेल तो पुठ्ठ्यात तिथेच खोचून ठेवा, तुमच्या उद्यमनगर कारखाना वसाहतीतले जुने कारागीरही असंच करताना दिसतील.

प्रश्न (सातारा) : वडिलांची ऐंशीच्या दशकातली बुलेट सुरू करायला घेतली आहे. १३ चा पाना काही बोल्टांवर बसत नाही आणि १४ चा घसरतो. एका ठिकाणी ८ एमएमचा बोल्ट टाकला तो अर्धा जाऊन अडकला, दुसरीकडे ६ चा टाकला तो पूर्ण गेला पण आवळताना नुसताच फिरतो. असं का?

उत्तर : कारण तुमच्या गाडीत इंची आटे आहेत. १९५५ मध्ये मद्रासला बुलेटचं काम सुरू झालं ते इंग्लंडमधल्या रेडिचच्या कारखान्याच्या ड्रॉइंगवर, आणि आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ ला झाला तरी बुलेटच्या अंगात ती इंची मापं पुढे कित्येक वर्षं राहिली. त्यात परत मधल्या तीस-चाळीस वर्षांत प्रत्येक मेकॅनिकने आपल्याला मिळाला तो बोल्ट घुसवलेला असतो, त्यामुळे एकाच गाडीत तीन-चार प्रकार सापडतील. एकेक भोक स्वतंत्र समजा.

तुमचा अडकलेला बोल्ट बहुधा अडीच सुताच्या भोकात गेलाय. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, अडीच सूत म्हणजे ५/१६ इंच, म्हणजे ७.९४ मिलिमीटर, ८ एमएमला जवळजवळ चिकटूनच. पण आट्यांचं गणित वेगळं. वर सोलापूरच्या वाचकांना सांगितलं तसे दहा आटे मोजा : ८ एमएमच्या मेट्रिक बोल्टला साडेबारा मिलिमीटर येतील, अडीच सुताच्या बीएसएफला (बारीक आट्यांचा ब्रिटिश इंची प्रकार) साडेअकरा, त्याच्याच जाड आट्यांच्या भावाला म्हणजे व्हिटवर्थला चौदाच्या थोडं वर, आणि सायकल थ्रेड (त्याहून बारीक इंची आटे) असेल तर दहाच्या थोडं आत. व्हिटवर्थ आणि बीएसएफच्या आट्याचा कोनही ५५ अंशांचा आहे, मेट्रिकचा ६०, त्यामुळे पिच जवळ असला तरी आटे एकमेकांवर नीट टेकत नाहीत.

६ चा बोल्ट नुसता फिरतो ते जास्त धोक्याचं आहे आणि वरची बोटांची कसोटी इथे फसवते. दोन सुताचा बीएसएफ म्हणजे ६.३५ मिलिमीटर, त्याचा पिच ०.९८ च्या आसपास, आणि ६ एमएमचा पिच १, त्यामुळे ६ चा बोल्ट सुळकन शेवटपर्यंत जातो, पण जाडीला कमी असल्याने आट्यांच्या फक्त टोकांवर लोंबत राहतो. आत घातल्यावर बोल्ट आडवा हलवून बघायचा, डुगडुगला तर तो तिथला नाही. तो आधी काढून टाका, अजून आवळू नका, भोकाचे आटे बहुधा वाचलेले असतील.

पान्यांसाठी व्हिटवर्थचे पाने घ्या. त्यांच्यावर तोंडाचं माप लिहिलेलं नसतं, बोल्टच्या जाडीचं असतं, १/४ व्हिटवर्थ लिहिलेल्या पान्याचं तोंड १३.३ मिलिमीटरचं, म्हणूनच तुमचा १३ चा जात नाही आणि १४ चा कडा खातो. बोल्ट मिळायला मुंबईत नागदेवी स्ट्रीट, पुण्यात बोहरी आळी, तिथे जुन्या दुकानात बीएसएफ म्हणून मागा आणि नमुना बरोबर न्या. नाही मिळाला तर चांगल्या लेथवाल्याकडून ८.८ च्या तोडीच्या पोलादाचा करून घ्या. भोकच मोठं करून मेट्रिक आटे पाडू असं कुणी सुचवेल, इंजिनवर ते करू नका, वडिलांची गाडी आहे, तिचे आटे तिचेच राहू द्या.

प्रश्न (नाशिक) : ऑइल बदलताना ड्रेन बोल्टचे आटे गेले. दुकानदार म्हणतो एक साइज मोठा बोल्ट आहे, तो स्वतःच आटे पाडत जातो. घेऊ का?

उत्तर : नको. तो आटे पाडताना जो अ‍ॅल्युमिनियमचा चुरा होतो तो इंजिनमध्ये जातो, आणि तो बोल्ट पुन्हा पुन्हा काढण्यासाठी नसतो. ड्रेन बोल्ट बऱ्याच छोट्या इंजिनांत १२ गुणिले १.५ असतो, पण तुमचा मोजूनच घ्या. भोकात हेलिकॉइल म्हणजे तारेची स्प्रिंगसारखी नवीन आट्यांची नळी बसवून घ्या, टॅपला भरपूर ग्रीस लावून, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो, आणि नंतर थोडं जुनं ऑइल ओतून भोकातून वाहू द्या. मग कंपनीचाच बोल्ट आणि नवीन वॉशर.

प्रश्न (पणजी) : यामाहाचा उजवा आरसा तुटला, नवीन आणला, जाडी पिच सगळं जुळतं तरी पहिला आटाच धरत नाही.

उत्तर : उलटे आटे आहेत. यामाहाच्या बऱ्याच गाड्यांत उजव्या आरशाला डावे आटे असतात, समोरून धक्का बसला तर आरसा तुटण्याऐवजी सैल होऊन फिरावा म्हणून. तुम्ही आणलेला उजव्या आट्यांचा आहे. दुकानात यामाहाचा उजव्या बाजूचा म्हणून बदलून घ्या, किंवा उलट-सुलट आट्यांचा अ‍ॅडॉप्टर मिळतो तो लावा, आणि बसवताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरवा.